पुढे कोण चाललं

४ जानेवारी, रविवार
आज पुन्हा टायपिंग! ह्यांच्या फौजेतल्या सुरुंगवाल्या कंपनीची पंचाहत्तरी, तिचा इतिहास लिहिणार आमचे निवृत्त मेजर श्यामकांत, आणि बोटं मोडणार बायको. पूल बांधले, रस्ते काढले, सुरुंग पेरले, सुरुंग उकरले – सगळीकडे हेच! मेजरचे कर्नल काही झाले नाहीत, वाक्यं मात्र जनरलची.

आज २००२ चं राजस्थान. आपणच पेरलेले सुरुंग परत काढताना एक फुटला. जवान कुंडलिक गेला, दुसरा जवान दादू, त्याचा पाय गेला. तिथे ते दोघे आणि आमचे हे, एवढे तिघेच होते. ह्यांनी लिहिलंय – ‘सुरुंग काढून चालण्यापुरती पट्टी साफ झाल्यावर मी पुढे चाललो, मागून जवान.’ पुढे चालणाऱ्याला ओरखडा नाही आणि मागचे दोघे आडवे! "नशीबवान हो तुम्ही," मी म्हटलं. हे चहा तसाच ठेवून गॅलरीत गेले.

११ जानेवारी
दादू आणि त्याची शकु भांडुपहून आले. ठेचा आणला होता. दादू अजून ह्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसतो, जयपूर पाय कुरकुरतो. ओट्यापाशी शकु सहज बोलून गेली, "पुढं आमचे हे होते, मॅडम. साहेब मागं. झोपेत बरळतात ना – साहेब, मागं थांबा, मी जातो."

मी गॅस बंद केला आणि तिला परत सांगायला लावलं.

एका पळपुट्याच्या मेडलांना पॉलिश करत आले मी!

१२ जानेवारी
विचारलंच. "पुढे तुम्ही होतात की दादू?"
"लिहिलंय ते राहू दे, सुहास."
"त्याचा पाय गेला, आता मानही तुम्हीच घेणार?"
ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. मग म्हटलं, म्हणूनच बढती अडली, वरच्यांना माणूस बरोबर कळला होता. ह्यांचं तोंड पांढरंफटक पडलं. बरं वाटलं मला. खरंच बरं वाटलं.

१८ जानेवारी
दादूला फोन केला. "साहेबांनी लिहिलं तेच खरं, मॅडम. त्यात हात घालू नका. पाया पडतो." काय ही लाचारी! पाय गेला तरी सलाम सुटत नाही. राग आला त्याचाही.

२२ जानेवारी
शेवटचं प्रूफ साकीनाक्याच्या छापखान्यात मीच नेऊन दिलं. रिक्षात बसल्या बसल्या एक वाक्य बदललं – ‘पट्टीवरून सर्वांत पुढे दादू चालला.’ आता बघूच ह्यांचं तोंड, चारचौघांत.

८ फेब्रुवारी, रविवार
पंचाहत्तरीच्या समारंभाला मुलुंडचा हॉल भरलेला. जुने जवान कडक इस्त्रीत. पहिल्या रांगेत कुंडलिकची बायको जयंती, शेजारी लेक अबोली. जुने सुभेदार अंबादास माइकवर राजस्थानचं पान वाचायला लागले. माझ्या वाक्यावर थांबले. परत वाचलं, हळू.

मी टाळ्यांची वाट बघत होते. एकही नाही. सगळे दादूकडे बघत होते. जयंतीसुद्धा. हे ताडकन उठून ओरडले, "छपाईची चूक आहे! पट्टी माझी होती! माझी!" ह्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. दादू मान खाली घालून बसलेला.

अंबादासना मी जिन्यात गाठलं. "दादूचा मान झाला तर एवढं काय बिघडलं तुमचं?"

"मॅडम, आपल्या कंपनीत पट्टी ज्यानं साफ केली, तोच तिच्यावरून पहिला चालतो. साहेब असो की जवान. आजपर्यंत आम्ही समजत होतो, तो सुरुंग साहेबांच्या हातून राहिला."

ही रीत अख्ख्या पुस्तकात कुठे लिहिलेली नाही. त्यांच्यात कुणाला सांगावीच लागत नाही. म्हणजे तो राहिला होता दादूच्या हातून! सुरुंग राहिला म्हणून झालेली चौकशी, ती अडलेली बढती, माझे टोमणे – सगळं ह्यांनी दादूसाठी अंगावर घेतलं होतं. आणि मी ते कुंडलिकच्या विधवेपुढे माइकवर वाचायला लावलं.

९ फेब्रुवारी
हे कालपासून जेवले नाहीत. मला शिव्या द्या म्हटलं, तर दार लावून घेतलं.

१० फेब्रुवारी
शकुचा फोन. "जयंतीताई आल्या होत्या, मॅडम. पुस्तक उंबऱ्यावर ठेवून गेल्या. तेव्हापासून ह्यांनी पाय काढून पलंगाखाली ढकललाय. म्हणतात, हा मला मिळायलाच नको होता."