डाव्या करंगळीचा टिळा

मा, धुळ्याच्या दवाखान्यातल्या त्या भाऊबीजेबद्दल आपण दोघी कधी धड बोललोच नाही. मी विषय काढला की तू कढईतलं ढवळायला उठायचीस, आणि कढई रिकामी असली तर घासलेली भांडी पुन्हा घासायला. आता तुला उठून जाता येणार नाही, तेव्हा ऐक.

तू बंगालमधल्या तुमच्या घरातली थोरली. तुझी आई गेली तेव्हा धाकटा मामा अंगावर पीत होता आणि तू स्वतःच पोर होतीस. तेव्हापासून तो तुझ्या कडेवर. लग्न होऊन सोन्याचं काम करणाऱ्या बाबांबरोबर तू जळगावला आलीस आणि मामा हाताशी येताच त्यालाही बोलावून बाबांच्या कारखान्यात बसवलंस. कारखाना म्हणजे सराफ बाजाराच्या मागची एक खोली. खिडकी चोरीच्या भीतीने कायमची बंद आणि आत सोनं धुण्याच्या तेजाबाचा धूर. गावाकडचे सगळे कारागीर तिथेच काम करायचे, तिथेच झोपायचे आणि जेवायला आपल्याकडे यायचे. सगळ्यांची तू दिदी. भाऊबीजेला ते आपल्या स्वयंपाकघरात रांगेने बसत. तू पाण्याचा थेंबही न घेता, तुमच्या रीतीप्रमाणे डाव्या हाताच्या करंगळीने एकेकाच्या कपाळाला दही-चंदनाचा टिळा लावायचीस आणि ओठातल्या ओठात मंत्र म्हणून यमाची वाट अडवायचीस. पहिला मान मामाचा. माशाचा मोठा तुकडाही त्याचाच. मी फुगून बसले की म्हणायचीस, "तुला आई आहे. त्याला कुठे आहे?" एरवी तुझ्या मराठीत निम्मं हिंदी असायचं, पण हे वाक्य मात्र चोख यायचं.

मग तो खोकायला लागला. बाबा म्हणाले, हवा बदलली की बरं वाटेल, त्याला गावी पाठवू. तू म्हणालीस, गावी त्याला बघणार कोण? मी बघीन. आल्याचा रस झाला, काढे झाले, नवस झाले, आणि दिवाळीच्या तोंडावर तो उठेनासा झाला तेव्हा जळगावच्या डॉक्टरांनी धुळ्याला न्यायला सांगितलं. एस.टी. पारोळ्याच्या पुढे कापसाच्या गाड्यांमागे अडकली होती. तू खिडकीतून गाडीवानांना हात जोडत होतीस, "भाऊ, जाऊ द्या ना, भाऊ." इतकी लाचार मी तुला त्याआधी पाहिली नव्हती.

भाऊबीजेच्या सकाळी तू कुंकवाच्या डबीत चंदन घेऊन त्याच्या खाटेशी उभी आहेस. मी पायथ्याशी. तुझी करंगळी त्याच्या कपाळापर्यंत पोचलीय आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची बायको ओरडते, "अवो माय, आजारी माणूसले डावा हात लावस का? उजवा लाव, उजवा! बठ्ठं चांगलं व्हई." बाई प्रेमळ होती गं. आदल्या दिवशी स्वतःची भाकर तिने आपल्याला दिली होती. "आमच्यात असंच," तू पुटपुटलीस. हात हवेत थांबला. मामा हसला, बंगालीत म्हणाला, "दिदी, कुठल्याही हाताने लाव, पण तू खाऊन घे आधी." तू भांबावून त्या बाईकडे पाहिलंस, खाटांवरून माना वळवलेल्या बाकीच्या बायकांकडे पाहिलंस, आणि उजव्या हाताने टिळा लावलास. जन्मात पहिल्यांदा.

आठवडाही झाला नाही आणि मामा गेला.

फुप्फुसं आधीच संपली होती, मा. डॉक्टरांनी बाबांना पहिल्याच दिवशी तसं सांगितलं होतं. मी कॉलेजात गेल्यावर तुला ते सांगितलंही. तू म्हणालीस, "डॉक्टर लोग तो बोलतेच है." बस. पुढच्या भाऊबीजेला कारागीर नवे शर्ट घालून दारात उभे राहिले आणि तू आतून कडी लावून घेतलीस. "माझा हात चांगला नाही." मला ताप आला तर कपाळाला हात बाबांनी लावायचा. वेणी मी माझी घालायची. मी रडले, भांडले, एकदा तर तुझा हात जबरदस्तीने ओढला, तर तू भाजल्यासारखी किंचाळलीस. घरात आई होती, रोज गरम जेवायला वाढत होती, आणि मला आई नव्हती. माझ्या लग्नात मी पाया पडायला वाकले तर तू हात पदरात गुंडाळून मागे सरलीस. "हाई कशी माय शे?" सोनगीरच्या माझ्या सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या. मी काय सांगणार होते त्यांना? माझ्या जिवाला जपायला म्हणून ही मला शिवत नाही, हे मांडवात उभं राहून कोणाला पटवायचं?

मला मामाचा राग येतो. मेलेल्या माणसाचा, ज्याने बिचाऱ्याने मरतानाही तुझ्या उपासाची काळजी केली, त्याचा. आणि त्याहून जास्त तुझा येतो. तू एका भावासाठी स्वतःला शिक्षा केलीस, पण भोगली मी.

हे पत्र कुठे टाकणार? राहील इथेच कपाटात. पण तुला माहीत नसलेली एक गोष्ट आहे. तू गेलीस त्या दुपारी बायका परसात पाणी तापवत होत्या आणि खोलीत मी एकटी होते. मी तुझ्याजवळ खाली बसले, तुझा हात उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. तुला नाही म्हणता येत नव्हतं. बायकांनी हाक मारेपर्यंत तो तसाच धरून ठेवला. डावा होता की उजवा, ते मी पाहिलं नाही.