पांढऱ्या फुलांचं क्रॅबॲपल

आप्पा,

समोरच्या लॉनवरच्या क्रॅबॲपलला या वर्षी बुंध्याशी फुटवे फार आलेत. कलमाच्या खालून येतात ते, मूळच्या रानटी झाडाचे. वेळीच काढले नाहीत तर वरचं झाड उपाशी राहतं. आज सकाळी गुडघ्यांवर बसून एकेक कापत होते आणि कात्री चालवताना तुमच्याशी बोलत होते. मनातल्या मनात. तुम्ही जिवंत होतात तेव्हा तुमच्यासमोर आवाज काढायची सवय लागली नाही, ती आता कुठून लागणार? मग हात धुतले आणि हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला थोडं थांबावं लागतं. तुमचा हात मात्र लगेच आठवतो.

कराडच्या आपल्या शाळेत तुम्ही ड्रिल मास्तर होतात आणि सगळी शाळा तुमच्या शिट्टीला घाबरायची. मी सातवीत असताना पंधरा ऑगस्टच्या कवायतीत माझं पाऊल चुकलं. पाहुणे गेले, झेंड्याभोवतीची रांगोळी तशीच होती आणि तुम्ही मला रांगेतून पुढे बोलावलंत. निरगुडीचा ओला फोक तुमच्या हातात होता. "मास्तरची पोर म्हणून सोडतो असं कुणाला वाटायला नको," असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालात आणि माझ्या पोटऱ्या सोलून काढल्यात. घरी आई वाटीत खोबरेल तेल घेऊन माझ्या पायांशी बसली. तुम्ही आलात, ती वाटी लाथेनं उडवलीत. आई उठून मोरीच्या दाराशी गेली, चौकटीला धरून उभी राहिली आणि तुम्ही ते दार तिच्या बोटांवर आपटलंत. एकदा नाही. मी ओरडतेय, "आप्पा, पुरे! आप्पा, पुरे!" आणि तुम्हाला ऐकू येत नाहीये. तुमचा चेहरा लाल नव्हता, वेडावाकडाही नव्हता. तो शांत होता, एखादं काम नीट उरकणाऱ्या माणसाचा असतो तसा. आईच्या डाव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून वाकडी राहिली. ती भाकरी थापायची तेव्हा त्या हाताची तीनच बोटं पिठावर उठायची.

आई गेली तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. त्यानंतर मी तुमच्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब आले. मिशिगनमध्ये एमएस केलं, आणि तिथल्याच नोव्हाय गावी गाड्यांच्या अपघातांची चाचणी करणाऱ्या लॅबमध्ये नोकरी धरली. माणसाच्या मापाचा पुतळा सीटवर बसवायचा, गाडी भिंतीवर आदळवायची आणि पुतळ्याच्या मानेवर किती जोर आला ते स्क्रीनवर बघायचं, हे माझं काम. लग्न इथेच झालं, माझ्या पसंतीनं. मुलगा पुण्याचा, गोड बोलणारा, गणपतीत आरतीला सगळ्यात पुढे. लग्नाला वर्ष व्हायच्या आत त्यानं मला पहिल्यांदा भिंतीवर ढकललं. त्या दिवशी मी ऑफिसात मानेचे आकडे बघत होते आणि माझीच मान वळत नव्हती. कुणाला सांगितलं नाही. ज्या घरात मी वाढले तिथे हे सांगण्यासारखं काही नसतंच.

तुम्ही २००६ साली मे महिन्यात आलात. बोलवायची इच्छा माझी नव्हती, नवऱ्याची होती. सासऱ्यांना अमेरिका दाखवली की चार लोकांत बरं दिसतं. तुम्ही रिटायर झाला होतात, गुडघा धरत होता, पण पाठ तशीच ताठ. आलात त्या आठवड्यात आमच्या अख्ख्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे घरांच्या वसाहतीत, क्रॅबॲपल फुलली होती. पान दिसू नये इतकी फुलं, गुलाबी, लाल, पांढरी. तुम्ही ड्राइव्हवेवर हात मागे बांधून उभे राहिलात.

"फळ कसलं लागतं?"

"सफरचंदाच्या जातीतलंच झाड आहे, पण फळ बोराएवढं. आंबट, तुरट. खात नाहीत."

"मग लावतात कशाला?"

"बघायला."

"नुसतं बघायला?" तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जणू मी पुन्हा कवायतीत पाऊल चुकवलंय.

मला ते झाड हवं होतं. घर घेतल्यापासून लॉन मोकळं होतं, आणि त्या घरात माझ्या निवडीचं असं काहीच नव्हतं. नवऱ्याला गर्द गुलाबी फुलांचं हवं होतं, त्याच्या बॉसच्या दारात होतं तसं. मी म्हटलं, सगळा उन्हाळा शेजाऱ्यांची झाडं बघू आणि मग ठरवू. रोज संध्याकाळी मी आणि तुम्ही चालायला जायचो. मी एकेका झाडापाशी थांबायचे, तुम्ही मुकाट्यानं शेजारी उभे राहायचात. जुलै आला आणि गर्द गुलाबी फुलांच्या त्या झाडांच्या पानांवर तपकिरी-काळे डाग पडले, पानं पिवळी होऊन गळायला लागली. भर उन्हाळ्यात निम्मं झाड उघडं. समोरच्या घरात एक विधवा बाई राहायची. तिच्या पांढऱ्या फुलांच्या झाडाला एक डाग नव्हता. ती म्हणाली, सगळे लोक मे महिन्यातली फुलं बघून झाड घेतात आणि फसतात, फुलं आठ-दहा दिवसांची. ऑगस्टमधलं पान बघून घे. शिवाय काही जातींची फळं गळून वाटेवर चिखल होतो, तिच्या झाडाची लालबुंद फळं बर्फातही फांदीवर राहतात आणि पक्षी ती खातात. मी हे तुम्हाला मराठीत सांगितलं. तुम्ही म्हणालात, "म्हणजे पाखरं खातात. मग ठीक आहे."

त्याच दिवसांत एकदा स्वयंपाकघरात मी पोळ्या लाटत होते. बाहेर ऊन रणरणत होतं आणि माझ्या अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. तुम्ही टेबलाशी बसून चहा पीत होतात. बाही वर सरकली. मनगटाच्या वर चार बोटांच्या खुणा होत्या, जुन्या, हिरव्या पडलेल्या. तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत, मी तुमच्याकडे बघितलं, आणि बाही खाली ओढली. तुम्ही बशी उचललीत आणि राहिलेला चहा प्यायलात. मला वाटलं, याच्यात यांना वेगळं काय दिसणार!

ऑगस्टच्या शेवटी, एका शनिवारी, तो ऑफिसच्या पिकनिकला गेला असताना आपण दोघं नर्सरीत गेलो आणि पांढऱ्या फुलांचं झाड घेऊन आलो. माझ्याहून थोडं उंच, स्वच्छ पानांचं. तुम्ही फावड्यानं खड्डा खणत होतात आणि मी मुळांभोवतीचं तागाचं फडकं सोडवत होते, तेवढ्यात त्याची गाडी आली. गाडीतून उतरून त्यानं झाडाला लावलेली चिठ्ठी वाचली.

"व्हाइट? मी क्लिअरली सांगितलं होतं, पिंक."

"त्याची पानं गळतात. आपण सगळा समर बघितलंय."

"मी काय सांगितलं होतं?"

"रोज मला बघायचंय ते, म्हणून मी..."

पुढचं वाक्य माझ्या गळ्यातच राहिलं, कारण त्याचा हात गळ्यावर आला होता. एरवी तो घरात, दार लावून मारायचा. त्या दिवशी तुम्ही समोर असूनही त्याला लपवावंसं वाटलं नाही. तुमची मुलगी वाढवण्याची पद्धत त्याला मीच लग्नाआधी, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून सांगितली होती. तुमची हरकत नसणार असं त्यानं धरलं होतं. मी गॅरेजच्या दारावर आदळले. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं. आणि मग मला फावड्याचा दांडा दिसला.

पहिला फटका त्याच्या खांद्यावर बसला आणि गळा सुटला. माझा जीव तेवढ्यानं वाचला होता. पण तुम्ही थांबला नाहीत. दुसरा मनगटावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तिसऱ्याला तो खाली पडला, तोंडातून रक्त आलं, लॉनवर सांडलं. चौथा त्याच्या बरगड्यांवर. तो "आप्पा, प्लीज, सॉरी" म्हणत हात वर करत होता. मी तुमचा चेहरा बघितला. तोच चेहरा होता. मोरीच्या दाराशी होता तोच, शांत, काम उरकणारा. तुम्ही फावडं फिरवून पात्याची बाजू खाली घेतलीत आणि डोक्याचा नेम धरलात.

"आप्पा, पुरे!" मी ओरडले. आवाज फाटलेला, कुत्र्यासारखा.

आणि तुम्ही थांबलात. फावडं वरच राहिलं. तुम्ही माझ्याकडे वळून बघितलंत, जणू हा शब्द तुम्ही जन्मात पहिल्यांदाच ऐकत होतात. मग ते खाली ठेवलंत.

समोरच्या बाईनं पोलिसांना फोन केला होता. दोन गाड्या आल्या. त्यांना दिसलं ते असं: एक तरुण रक्तानं माखलेला, आणि जवळ मातीनं भरलेले हात घेऊन उभा एक म्हातारा, ज्याला इंग्रजी येत नाही. माझा नवरा रडत, पण स्पष्ट इंग्रजीत सांगत होता, माझे सासरे मनोरुग्ण आहेत. तुम्हाला बेड्या घातल्या. पोलीस बाईनं मला विचारलं, "तुझ्या वडिलांचं काय म्हणणं आहे?" मी तुम्हाला विचारलं.

"सांग तिला, मी मारलं," तुम्ही म्हणालात. "त्यानं काय केलं ते मला विचारू नका, तिला विचारा. मी मारलं एवढं मी सांगतो."

मग मी शर्टाच्या दोन्ही बाह्या वर केल्या, कॉलर उघडली, आणि त्या बाईला सगळं सांगितलं. लग्नापासूनचं. समोरची बाई रस्ता ओलांडून आली आणि तिनं खिडकीतून पाहिलेलं सांगितलं. त्याला आधी हॉस्पिटलात नेलं आणि तिथून पुढे कोठडीत. तुम्हालाही रात्रभर ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सोडलं, मुलीचा जीव वाचवताना झालं म्हणून. गाडीत तुम्ही मनगटं चोळत बसलात आणि म्हणालात, "त्यांनी जेवायला पाव दिला. दोन पावांच्या मध्ये थंड मटण."

झाड तसंच आडवं पडलं होतं, मी रात्री फक्त मुळांवर पाणी मारलं होतं. तुम्ही कपडेही न बदलता खड्ड्याशी गेलात. "किती खोल?" तुम्ही विचारलंत. मी सांगितलं, बुंधा जिथे रुंदावतो तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे, नाहीतर कुजतं. तुम्ही झाड ठेवलंत, मला दाखवलंत, पुन्हा उचललंत, खाली माती घातलीत, पुन्हा दाखवलंत. लॉनवरचे रक्ताचे डाग तुम्ही पाइपनं धुऊन टाकलेत.

संध्याकाळी मी चहा केला आणि आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला विचारलं. "आप्पा, तुम्ही आईला मारायचात, तेव्हा असं कुणी मध्ये पडायला हवं होतं का?"

तुम्ही कप तोंडाशी नेलात. वाटलं, आता माफी मागतील. वाटलं, आता उठून मलाच एक ठेवून देतील.

"पडलं असतं," तुम्ही म्हणालात, "तर त्यालाही मारलं असतं." आणि कप खाली ठेवत, "तेव्हा मी तसाच होतो. आताही तसाच आहे. काल बघितलंस तू."

मी कप विसळायला उचलले. खोटं बोलला नाहीत, एवढं मात्र मला पोचलं. ऑक्टोबरमध्ये तुम्ही परत गेलात. त्यानं कोर्टात गुन्हा कबूल केला आणि दुसऱ्या राज्यात निघून गेला. घटस्फोट झाला, घर मी ठेवलं. इथली मराठी मंडळी काही दिवस मला बोलवेनाशी झाली, मग पुन्हा बोलवायला लागली. झाडाला फुलं यायला एक वर्ष मध्ये गेलं. २००८ च्या मे महिन्यात ते पहिल्यांदा पूर्ण फुललं, कळ्या लालसर आणि उमलल्या की पांढऱ्या. मी फोटो काढून ठेवले होते. ते पाठवण्याआधीच तुम्ही झोपेत गेल्याचा फोन आला. मी आले नाही. तिकीट मिळत नव्हतं असं सगळ्यांना सांगितलं. मिळत होतं, पण तुमच्या पाया पडावं लागेल याची भीती वाटली.

माझ्याकडे लोक येतात, झाड कसं निवडायचं विचारतात. मी ऑगस्टमधलं पान बघायला सांगते. कुणी लावलं म्हणून विचारलं तर म्हणते, वडिलांनी. त्यांना तुम्ही डोळ्यांपुढे येता ते एक प्रेमळ म्हातारे म्हणून, खुरपं घेतलेले. मी त्यांना तसंच समजू देते. आईच्या बोटांसाठी मी तुम्हाला माफ केलेलं नाही, करणारही नाही, आणि हे पत्र कुठे पाठवायचं नसल्यामुळे ते मऊ करून लिहायचीही गरज नाही.

एकच गोष्ट कुणाला सांगितलेली नाही, ती इथे लिहून हा कागद फाडते. आई गेली तेव्हा मी रडले होते. तुम्ही गेलात तेव्हा त्याहून जास्त रडले.