बाबांनी वाचलेलं स्तोत्र

प्रिय अविस,

पोरी, बरी आहेस ना? हे पत्र पाद्रीबाबा लिहून देताहेत, म्हणून माझ्या तोंडच्या शिव्या यात येणार नाहीत. नवऱ्याकडून सावकाश वाचून घे, आणि आधी खाली बस.

उन्हाळ्यात लोकांनी मठाची गिरणी फोडली, ते तिकडेही कळलंच असेल. घरात जातं ठेवायचं नाही, दळण मठाच्याच गिरणीत, हा जाच तू लहानपणापासून बघितलायस. आपलं जातं उचलून नेलं तेव्हा तू किती रडलीस! बाबांनी त्याच जात्यावर गाणं केलं आणि ते गावभर झालं. यंदा लोक तेच गात गिरणीवर चालून गेले. बाबा तेव्हा घरी तापाने पडून होते गं! शिपाई आले, विचारलं, "गाणं कुणाचं?" तर या माणसाने काय म्हणावं? "माझंच. तिसरं कडवं मात्र लोकांनी बिघडवलंय."

नेलं धरून. तरी मी निर्धास्त होते. ज्याला लॅटिन स्तोत्र वाचता येतं तो चर्चचा माणूस, त्याला फाशी न देता बिशपच्या हवाली करतात, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि बाबा तर लहानपणी चर्चमध्ये गायचे, लॅटिन घडाघडा वाचायचे. खटल्याच्या दिवशी मी वाटाण्याचं कढण चुलीवर ठेवून गेले होते.

न्यायाधीशांनी पुस्तक पुढे केलं. तेवढ्यात मागून गिब नालबंद ओरडला, "हॅमंड, आम्हालाही कळू दे की!" झालं! चार माणसं ऐकायला दिसली की या माणसाला कुठला धीर? लॅटिन राहिलं बाजूला, ते स्तोत्र आपल्या बोलीत, आपल्या चालीत जुळवून म्हणायला लागले. अविस, इतकं सुंदर मी जन्मात ऐकलं नाही. गिब रडला. मीही रडले, मूर्खासारखी. न्यायाधीश म्हणाले, "लिहिलंय ते वाच." तर हे म्हणतात, "तेच वाचतोय साहेब, थोडं सुधारून."

त्यांनी पुस्तक मिटलं. याला वाचता येत नाही, असा निकाल दिला. पाद्रीबाबांनी हातापाया पडून सांगितलं, "शपथेवर सांगतो, याला येतं." (हे लिहिताना त्यांचा हात थांबलाय.) पुस्तक काही पुन्हा उघडलं नाही. मला बाबांचा इतका राग येतो, इतका राग येतो, की भांडायला ते समोर हवे होते.

सणाला छोटीला घेऊन येणार, असा तुझा निरोप मिळाला. ये, नक्की ये. पण वेशीच्या दरवाजाने येऊ नकोस. ओढ्याकडच्या वाटेने ये, चिखल असला तरी. बाबांना खाली उतरवायचं नाही असा हुकूम आहे, तिथेच दरवाजावर साखळीने टांगून ठेवलंय. मी दोनदा जाऊन पाया पडले, पहारेकऱ्यांनी हाकललं. तोंडावरून आता काही कळत नाही गं. पण तू विणलेली निळी टोपी अजून डोक्यावर आहे. छोटी ओळखेल.

तुझीच,
आई