पांढरी वायर

३ मार्च
आले एकदाची. वरची खोली उजेडाची आहे, टेबल खिडकीला लागून, आणि न्हाणीघराचं दार चक्क नीट लागतं. मागच्या घरानंतर ही चैनच. शिवाय भाड्यातच इंटरनेट. घरात कनेक्शन एकच, त्यावर सगळ्यांचा संसार. जिन्याखाली एक डबी आहे, तिच्यातून वायरी निघतात. निळी घरमालकीण काकूंच्या कॉम्प्युटरला, पिवळी खालच्या खोलीतल्या मास्तरांना (ते घरबसल्या गणित शिकवतात), हिरवी माझी. पांढरी मागच्या खोलीत जाते. काकू हसत म्हणाल्या, बाकी काय हवं ते करा, पांढरीला तेवढा हात लावू नका.

६ मार्च
मागच्या खोलीत काकूंचे सासरे असतात. आजोबांचे पाय गेलेत, पण उठायची खुमखुमी गेलेली नाही. त्यांच्या कॉटसमोर कॅमेरा आहे, पांढरी त्यालाच. परदेशातली लेक तिकडून बघत असते. ते उठू लागले की कॅमेऱ्यातूनच दटावते आणि आजोबा मुकाट आडवे होतात. काकू बाहेर पडताना तिला फोन करतात, "वन्सं, मी निघते, आता तुम्ही बसा," आणि मगच चपला घालतात. आज मी डोकावले तर आजोबांनी मला हात केला. गोड आहेत.

११ मार्च
नेट रडतंय. घरांचे नकाशे काढणं सोपं, पाठवणं महाकठीण झालंय. मास्तर म्हणाले, तो कॅमेराच सगळं खातो. साहेबांनी सुनावलंय, उद्या दुपारपर्यंत नकाशा आला नाही तर नारळ. नोकरी लागून महिनासुद्धा झाला नाही.

१२ मार्च
काकू बाजारात गेल्या होत्या. फाइल अर्ध्यावर अडकली. मी खाली जाऊन पांढरी काढली. पाच मिनिटांपुरती, असं म्हणून. फाइल सरसर गेली, साहेब खूश झाले, आणि मी जरा पाठ टेकली. मग खाली काहीतरी पडलं. मास्तरांची खुर्ची असेल, असं मनाशी म्हटलं आणि कूस बदलली.
आजोबा गेले. उठायला गेले आणि कॉटवरून पडले.
काकूंची किंकाळी ऐकून मी धावले. पण जिन्याखाली थांबले. आधी वायर लावली.
आधी वायर.

१५ मार्च
काकू स्वतःलाच दोष देतात. बाजारातल्या गलक्यात वन्संचे फोन ऐकू आले नाहीत, आणि नेट मेलं नेमकं तेव्हाच गेलं. मास्तर म्हणाले, नवल आहे, माझा तास तर सुरळीत चालला होता. मी कप विसळत राहिले. नंतर काकू माझ्याच गळ्यात पडून रडल्या. मला माझी किळस आली.

१९ मार्च
काकूंनी कॅमेरा कपाटात ठेवला, पांढरी गुंडाळून त्याच्यावर ठेवली. डबीतली तिची जागा रिकामी आहे.
तरी तिथला दिवा लुकलुकतोय. मास्तर म्हणतात, डबी जुनी झाली.

२१ मार्च
नेट पुन्हा रडतंय. आता कोण खातंय?
माझी हिरवी काढली. पांढरीच्या रिकाम्या जागेचा दिवा विझला. लावली — पुन्हा सुरू.

२२ मार्च
लिहिताना माझ्या पाठीमागे कॉट करकरते. माझ्या खोलीत कॉट नाही. गादी जमिनीवर आहे —
आज सांगणार होते काकूंना. जिन्यापर्यंत गेले. त्यांनी जेवलीस का विचारलं आणि मी —

२३ मार्च, दुपार
काकू जिन्यातून हाका मारतायत. वन्संचा फोन आहे. कॅमेरा का लावला, विचारतायत. चित्र दिसतंय म्हणे. खोली वेगळीच. खिडकीपाशी टेबल, कुणी मुलगी लिहीत बसलीय —
काकू म्हणतायत, कॅमेरा तर कपाटात आहे.
वन्सं रडतायत. बाबा उठलेत म्हणे. कुणीतरी त्यांना आडवं करा, पडतील. त्या मुलीच्या मागेच उभे आहेत, हातात पांढरं काहीतरी —
मान वळवत नाही. आवाज फुटत नाही. लिहिते तरी. काकू, तुमची चूक नाही. नेट गेलं नव्हतं. वायर मी