फुलदाणीतला माईक

चि. धाकटीस,

थोरलीचे पोटभर आशीर्वाद. खुब्याचं हाड जुळत आलं का? तुझ्या सुनेने कळवलं, रविवारी तू औषधाच्या गुंगीत होतीस, आपली उपासना मोबाइलवर बघितलीच नाहीस. अगं, झोपायला नेमका तोच रविवार सापडला का तुला!

आपल्या चर्चमधला आवाज तुला ठाऊकच आहे. दोनशे वर्षांच्या दगडी भिंती. पाळकसाहेबांनी पुढे एक शब्द टाकला की मागे त्याचे तीन होऊन येतात, आणि तिन्ही कळत नाहीत. (मागच्या बाकांवरची माणसं म्हणून तर इतकी भाविक आहेत.) मोबाइलवर लाइव्ह बघणाऱ्यांना तरी नीट ऐकू यावं म्हणून आवाजवाल्याला बोलावलं. पण जुन्या भिंतीला खिळा ठोकायची बंदी. मग त्याने बिनवायरचा माईक आणला आणि वेदीवरच्या माझ्या फुलदाणीत, फुलांआड खोचला. मला सांगितलंही असेल बिचाऱ्याने. पण मी गुलाबाचे देठ कापत होते, आणि फुलं हातात असली की मला दुसरं काही ऐकू येत नाही.

आता माझी सवय तुला माहीत आहे. एकतीस वर्षं फुलं माझ्याकडे. पहिलं गीत झालं की मी फुलदाणी हळूच माझ्या बाकावर आणते, कललेली फुलं सरळ करते, शेवटच्या गीताला परत ठेवते. तशी आणली, मांडीवर घेतली आणि शेजारणीशी बोलत बसले.

झालं! आत कुणाला पत्ता नाही, पण मोबाइलवर (नातीने मला नंतर दाखवलं) पाळकसाहेब डोळे मिटून हात वर करतायत, नुसते ओठ हलतायत, आणि आवाज माझा, "अगं बाई, आज गुडघा नुसता ठणकतोय!" चौघांनी खाली 'आमेन' लिहिलं. पाळकसाहेब बोट उगारतात, तर मी म्हणते, "यांच्या बुटाची नाडी सुटलीय, आपटणार आज." एकीने लिहिलं, किती साध्या शब्दांत सांगतात! एरवी चाळीस माणसं बघतात, त्या दिवशी चारशे झाली. आवाजवाला माईक शोधत बाकांखालून रांगत आला, माझ्या पायांशी त्याचं टक्कल वर आलं, आणि मी दचकून अख्खी फुलदाणी त्यावर रिकामी केली. तेव्हा कुठे माईक गप्प झाला. (मी नाही.)

अजून हसतेय बघ. पाळकसाहेबही हसले, पण आधी नाडी बांधून.

सुनेला, नातवंडांना पापे. काठीशिवाय उठू नकोस.

तुझी,
थोरली

ता. क. हसण्यावारी नेलं, पण जीव टांगणीला लागलाय. बुधवारी कमिटी बसतेय. फुलांचं काम माझ्याकडून काढायचं आणि प्लास्टिकची फुलं आणायची म्हणतायत. एकतीस वर्षं, धाकटे! तू लांबून बघणारी, अंथरुणाला खिळलेली, तुझ्या शब्दाला वजन आहे. पाळकसाहेबांना चार ओळी लिही, की बहिणीची ताजी फुलं दिसली की दुखणं विसरायला होतं. आजच लिही.

आणखी एक ता. क. ती उपासना मोबाइलवर अजून बघता येते म्हणे. विसाव्या मिनिटाला मी शेजारणीला तुझ्या गाण्याबद्दल काहीतरी बोलले आहे. तेव्हा आधी चिठ्ठी धाड, मग बघ.