बाही की बायपास

प्रिय अण्णा,

माझी सुई बंद झाली! घाबरू नका, शिवणाची नाही, इन्सुलिनची! आज सकाळी मीरा रोडला डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट पाहिले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "सुजाता, आजपासून इन्सुलिन नाही. फक्त शुगर तपासत राहायचं."

"म्हणजे रात्रीचंही नाही?"

"रात्रीचंही नाही."

बाहेर येऊन रिक्षात बसले आणि पहिलं काय केलं असेल? तुम्हाला फोन लावायला मोबाइल काढला! तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तुमचा नंबर आता दुसऱ्याच कुणाच्या खिशात वाजत असेल, तरी बोट तिकडेच गेलं. म्हणून हे पत्र. दुकान दुपारचं बंद आहे, आई जेवून आडवी झालीय, आणि तुम्हाला सांगितल्याशिवाय मला काही चैन पडायचं नाही.

मी ऑपरेशन केलं, अण्णा. वजनाचं. तुमच्या लेकीनं पोट लहान करून घेतलं! आता नीट बसा, सुरुवातीपासून सांगते.

सुरुवात झाली ब्लाउजच्या गठ्ठ्यापासून. दुकानासमोरच्या बिल्डिंगमधल्या हेतलबेन आठवतात? दर नवरात्रीला चणिया-चोळी टाकताना "भाई, थोडा खुल्ला रखना" म्हणायच्या, त्या. एक दिवस त्या घरातले सगळे ब्लाउज घेऊन आल्या. "सुजाता, सब टाइट करना है." दिले करून. काही महिन्यांनी तेच ब्लाउज घेऊन परत हजर. पुन्हा टाइट. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी हातच जोडले. "हेतलबेन, अब इसमें कपड़ा कम और सिलाई ज्यादा है. नया सिलवा लो! वैसे, किया क्या आपने?"

त्यांनी मागेपुढे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "स्लीव्ह."

"स्लीव्ह तो मैंने नाप ली. ठीक है."

"अरे वो स्लीव्ह नहीं! पेट का स्लीव्ह!"

आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारचा मोबाइलवाला काय झालं म्हणून डोकावला. पण खरंच, अण्णा, स्लीव्ह म्हणजे बाहीच! पोटाची पिशवी असते ना, तिचा मोठा भाग उभा कापून काढून टाकतात. उरते ती लांबट, अरुंद, बाहीसारखी. चार घास खाल्ले की पोट भरतं, भूकही कमी लागते. टेलरच्या पोरीला आणखी काय समजावून सांगायचं? मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मलाही बाहीच!

आईला सांगितलं तर तव्यावरची चपाती करपली. "पोट कापून कोण बारीक होतं? चालायला जा. रात्रीचं खाणं कमी कर."

मी काय काय करून बसलेय हे तुम्हाला तरी माहीत आहे ना? भात सोडला, साखर सोडली, जेसल पार्कच्या खाडीकाठी सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारल्या. तुमच्यानंतर वजनाची ती नवीन इंजेक्शनंही घेऊन पाहिली, उलट्यांनी हैराण झाले आणि सोडून दिली. चार किलो उतरायचे, सहा किलो परत यायचे.

आणि तुम्ही! तुमच्यावर थोडी रागावू का? तुम्ही मला कधी दुकानातला तयार फ्रॉक आणू दिला नाहीत. सगळं तुमच्याच हातचं. माझं माप घेताना रेडिओ मोठा करायचात, आकडा माझ्या कानावर पडू नये म्हणून. शिवणीत आत भरपूर माया ठेवायचात आणि मी शाळेत गेले की गुपचूप उसवून कपडे सैल करून ठेवायचात. मला वाटायचं, मी वाढतच नाहीये! किती लाड केलेत, आणि किती फसवलंत हो! ठाण्याचे ते पाहुणे "मुलगी जरा बारीक झाली की कळवा" म्हणाले, तेव्हा तुम्ही त्यांच्या हातातल्या पोह्यांच्या बशा काढून घेतल्या होत्या. अर्धवट खाल्लेल्या! मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. लग्न नाही झालं याचं मला आजही काही वाटत नाही, पण त्या बशा आठवल्या की अजून हसू येतं.

असो. डॉक्टर मॅडमकडे गेले आणि खुर्चीत टेकायच्या आधीच म्हटलं, "मला स्लीव्ह करायचीय."

त्या म्हणाल्या, "तुम्ही तर भाजी घ्यायला आल्यासारखं सांगताय! आधी मला बघू तर द्या."

मग रक्त, सोनोग्राफी, घशातून दुर्बीण. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "रात्री छातीत जळजळ होते?"

"दोन उशा घेऊन झोपते."

"तेच दिसतंय. पोटाचा वरचा भाग छातीकडे सरकलाय, अन्ननलिका आम्लानं सुजलीय. स्लीव्ह केली तर हा त्रास वाढू शकतो. त्यात तुमची शुगर जुनी, इन्सुलिन चालू. स्लीव्हनंही शुगर सुधारते, पण तुमच्यासाठी मला बायपास बरा वाटतो. सक्ती नाही. ठरवायचं तुम्ही."

बायपास म्हणजे काय, ते त्यांनी कागदावर काढून दाखवलं. वर पोटाची एक लहानशी पिशवी करायची, खालून आतडं आणून तिला जोडायचं. मग अन्न बाकीच्या पोटात जातच नाही, त्याला वळसा घालून पुढं जातं. आतडं एकदा इथे जोडायचं, एकदा तिथे. मी म्हटलं, "यात जोडच फार!" त्या हसल्या. "जोड एकच हवा असेल तर मिनी बायपास असतो. पण त्यात पित्त वर येऊ शकतं, आणि तुमची अन्ननलिका आधीच त्रासलेली." म्हणजे तेही गेलं.

मी फुरंगटूनच घरी आले, अण्णा. मनात बाही बेतून तयार, आणि मॅडमनी कापडच बदललं! हेतलबेन दुकानात आल्या आणि मशीनसमोर एक गिरकी घेऊन म्हणाल्या, "स्लीव्ह ही करा ले. सिंपल है. मुझे देख!" बघितलं की! त्या इतक्या छान दिसत होत्या की माझं मन परत डळमळलं.

मॅडमच म्हणाल्या होत्या, बायपास झालेल्या कुणाशी तरी बोला. त्यांच्याकडे ऑपरेशन झालेल्या लोकांची बैठक असते, तिथे तारोडीच्या हिरामावशी भेटल्या. मासे विकतात. नाकात नथ, आवाज खणखणीत. मी घाबरत घाबरत विचारलं, तर त्यांनी माझा हातच धरला.

"भ्यायाचा काय त्यात? माजी शुगर गेली, गुडघं दुखत न्हाय, पाटी उचलून बाजारात जातंय. पन खोटा कशाला बोलू? केस मूठमूठ गेलं, मंग परत आलं. ताकदीची गोली रोजची हाय, मरेपरयंत. येकदा लग्नात जिलेबी खाल्ली न् मांडवातच घामाघूम! छाती धडधड, वाटला आता गेली. तवापासून जिलेबीकडं बघत न्हाय."

"आणि अंगदुखीची गोळी?"

"ती न्हाय घेवाची. पोटान जखम व्हते."

इथे मी अडकले. दिवसभर मशीनवर बसून कंबर धरली की मी ती गोळी शेंगदाण्यासारखी तोंडात टाकायचे. ती बंद? आणि बाकीच्या गोळ्या जन्मभर? मी बैठकीतून आले तीच मुळी मनात स्लीव्ह नक्की करून. जळजळीचं काय, उशी आणखी एक घेऊ! मॅडमना फोनही करणार होते.

फोन करायच्या आधीच ती टाचणी लागली.

संध्याकाळी मी मशीनवर होते, अनवाणी, तुमच्यासारखीच. आई चहा घेऊन आली आणि कप तसाच कटिंगच्या टेबलावर ठेवून ओरडली, "सुजा, पाय बघ!" पायडलवर रक्त. तळव्यात टाचणी डोक्यापर्यंत घुसलेली. आणि शुगरनं तळवा इतका बधिर की मला काही म्हणजे काहीच कळलं नव्हतं, अण्णा. मी आपली शिवत होते!

आई खाली फरशीवर बसली. तिचे गुडघे कसे आहेत तुम्हाला माहीत आहे, तरी बसली. टाचणी काढली, पदरानं रक्त टिपलं आणि माझा पाय मांडीवर धरूनच राहिली. म्हणाली, "ते पण असंच म्हणाले होते. दुखत नाहीये म्हणून."

का लपवलात हो तो पायाचा फोड, अण्णा, शुगर असताना? भर मे महिन्यात, घामाच्या धारा लागलेल्या असताना तुम्ही पायांत मोजे घालून दुकानात बसायचात. आम्ही विचारलं तर म्हणालात, पायडल गुळगुळीत झालंय, पाय घसरतो. लग्नसराई होती, गिऱ्हाईकं दारात उभी होती. सीझन संपू दे, मग दाखवू, असं मनाशी ठरवलं होतंत ना? सीझन संपला तेव्हा अंगठा काळा पडला होता. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. आणि पुढच्या लग्नसराईला तुम्हीच नव्हतात. एवढ्याशा फोडासाठी! मला किती राग आलाय तुमचा, कुणाला सांगू? गेलेल्या माणसाशी भांडताही येत नाही धड.

आईनं पाय पुसला आणि विचारलं, "ती दोन ऑपरेशनं आहेत ना, त्यातलं साखरेला जास्त बरं कुठलं?"

"माझ्यासाठी बायपास, असं मॅडम म्हणतात."

"आणि तुला कुठलं पाहिजे?"

मी तळव्याकडे बघितलं. म्हटलं, "मला पाय पाहिजेत, आई."

"मग झालं तर," ती म्हणाली. "जायचं कधी?"

पोट कापून कोण बारीक होतं म्हणणारी आपली आई, अण्णा!

मॅडमनी आधी पायाची जखम बरी करून घेतली. मग ऑपरेशनच्या अगोदर नुसतं पातळ खायचं, यकृत आटोपशीर व्हावं म्हणून. आईनं घरात फोडणी घालणंच बंद केलं, वास नको म्हणून, आणि स्वतःही माझ्याबरोबर सूपच पीत बसली. हेतलबेन "पार्टी बदल दी तूने!" म्हणत भांडल्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच मुगाचं पाणी घेऊन आल्या.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. पोटावर चारपाच बारीक टाके, आणि काय सुबक घातलेत! मी नर्सला विचारलं, "कुणी घातले?" तिला वाटलं, मी तक्रार करतेय. त्याच संध्याकाळी मला उठवून व्हरांड्यात चालवलं. एका हाताला सलाइनचा स्टँड, दुसऱ्या हाताला आई. दोघींची चाल सारखीच, डुलत डुलत! दुसऱ्या दिवशी पाणी मिळालं, चमच्याचमच्यानं. अण्णा, पाण्याला इतकी चव असते?

सगळं गोडगोड नव्हतं हं. एकदा घाईघाईत खिचडी खाल्ली आणि तासभर मोरीत बसले. एकदा गिऱ्हाईकानं पेढे आणले, तर पेढ्यांकडे बघून रडूच आलं. सकाळी ओट्यावर गोळ्यांची रांग असते. कंबर दुखली की आता शेक घेते आणि दर तासाला मशीनवरून उठते. पण रात्रीची जळजळ गेली! एका उशीवर सपाट झोपते. इन्सुलिन तर घरी आल्यापासून कमी कमीच होत होतं, आणि आज थेट बंद! मॅडमनी बजावलंय, शुगर परत डोकं वर काढू शकते, तपासण्या सोडायच्या नाहीत. नाही सोडणार. तळव्याचा बधिरपणा अजून आहे. तो जाईल की नाही, कुणी सांगत नाही. म्हणून रोज संध्याकाळी आई बॅटरी लावून माझे तळवे बघते. बोटाबोटांच्या फटीसुद्धा! मला गुदगुल्या होतात म्हटलं तर केवढी खूश झाली.

आज इन्सुलिनचं सांगितलं तेव्हा मात्र ती नुसतं "बरं झालं" म्हणाली आणि ताटं घ्यायला वळली. मी सहज विचारलं, "आई, तू तुझी शुगर कधी तपासलीस गं?"

"मला काय धाड भरलीय?"

"रात्री लघवीला उठतेस ना सारखी."

"वय झालं की उठतातच माणसं," असं म्हणून तिनं ताटावरून नजरच वर केली नाही. अण्णा, मोज्यांचं विचारलं की तुमच्या तोंडावर जे असायचं ना, अगदी तेच होतं तिच्या तोंडावर.

म्हणून तुम्हाला शब्द देते. मी माझं काही लपवणार नाही आणि तिला लपवू देणार नाही. उद्या सकाळी उपाशीपोटी तिला लॅबमध्ये नेते. भांडेल, देवपूजा राहिली म्हणेल, गुडघे पुढे करेल. रिक्षा दारात बोलावून ठेवणार आहे मी.

आत भांड्याचा आवाज आला. उठली वाटतं. जाते आणि आत्ताच सांगून टाकते तिला, उद्याचा पहिला चहा रक्त दिल्यावर.

तुमची लाडकी आणि तुमच्यावर रागावलेली,
सुजा