‘बाहेरचे’ गटातलं एक नाव

११ मार्च, मंगळवार

प्रिय ताई,

आम्ही बरे आहोत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, तरी स्टुडिओचा जिना दिवसातून चारदा चढतात. तू मला मास्तरीणबाई म्हणायचीस ते माझ्या क्रमांक घालून लिहिण्यामुळेच, पण आज मला दुसरं काही जमणार नाही.

१. जुलैमध्ये मी स्टुडिओचे सगळे फोटो संगणकावरच्या नव्या प्रणालीत आणले. एकसष्ट हजार.
२. कुणाला काय उघडता येईल यासाठी दोन गट केले: ‘घरचे’ आणि ‘बाहेरचे’.
३. नऊ ऑगस्टला तू स्वतः काढलेले फोटो उघडायला गेलीस. ‘परवानगी नाही’ असं आलं.
४. तू बाबांना फोन करून म्हणालीस, “एवढं तोडलंत?” त्यानंतर त्यांचा फोन उचलला नाहीस.

बाबांनी काही केलेलं नाही. गट म्हणजे काय हेच त्यांना ठाऊक नाही. पासवर्ड अजून कॅलेंडरवर लिहितात. तुझं नाव ‘बाहेरचे’मध्ये मी टाकलं.

घाईत चुकून झालं, असं आधी लिहिलं होतं. ते पान फाडलं. गट बदलताना प्रणाली विचारते, ‘नक्की?’ मी ‘हो’ दाबलं.

गट केले त्या आठवड्यात मी फोल्डर लावत होते आणि बाबा मागे उभे. प्रत्येक चांगल्या फोटोला विचारायचे, “हा थोरलीचा ना?” एकदाही चुकले नाहीत. मी काढलेलेही फोटो त्यात होते, ताई. त्यांच्यावरून ते न बोलता पुढे जायचे.

तुझा फोन आला तेव्हा मी शेजारच्याच खुर्चीत होते. फोन ठेवून बाबा म्हणाले, “काय तोडलं गं मी? तुला काही कळलं?”

मी म्हटलं, “नाही.”

तेव्हापासून कशात जीव रमत नाही. लावलेले फोल्डर मोडते, पुन्हा लावते. परवा बाबांनी स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. “जरा बघ गं, बिघडलाय का. तिच्याकडे नुसता वाजतो.” मी तपासला. ठीक होता.

आज सकाळी तुझी परवानगी पूर्ववत केली. तो एका मिनिटाचा प्रश्न होता.

रविवारी मी बाबांना सगळं सांगणार आहे. तू काहीही म्हणालीस तरी. ऐकल्याबरोबर ते तुला फोन करतील, आणि तो पुन्हा नुसता वाजत राहिला तर ते मला बघवणार नाही. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. त्यांचा फोन उचलशील का, एवढं शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत कळव.

धाकटी